वीज कंपनीचा सीएसआर निधी: प्रस्तावाआधी दप्तर तपासा

तालुक्यात वीज प्रकल्प आहे आणि तुमची संस्था देवराई, पाणवठे किंवा नदीतल्या माशांसाठी काम करते, तर कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीसाठी जरूर प्रस्ताव द्या. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार आदल्या वर्षी नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरते ते) 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी एक जरी गाठले, तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के खर्चायचे असतात. त्यात प्रकल्पाच्या परिसराला प्राधान्य. निसर्ग संवर्धन या कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये, म्हणजे सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीत, आहेच. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचे महासीर माशाचे संवर्धन तर या कायद्याच्या कितीतरी आधीचे.

पात्र कोण? नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी. आयकराची 12ए (संस्थेला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. शिवाय 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. फॉर्म ऑनलाइन असतो. पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सीए किंवा सीएसची (कंपनी सेक्रेटरी) पडताळणी लागते. ग्रामपंचायतीने या भानगडीत पडायची गरज नाही. कंपनी स्वतःही काम करू शकते, तेव्हा ग्रामसभेचा ठराव जोडून थेट मागणी करावी.

कागदपत्रे: नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, कार्यकारिणीचा ठराव, अंदाजपत्रक, जागेची परवानगी. वनजमीन असेल तर वनविभागाची संमती आधी.

घोडे अडते ते बहुधा परिशिष्ट 1 च्या, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या धर्मादाय नोंदवहीच्या उताऱ्यावर. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (नवे विश्वस्त नोंदवण्याचा) वर्षानुवर्षे प्रलंबित असतो, उताऱ्यावर निवृत्त, कधी दिवंगत विश्वस्तांची नावे असतात आणि प्रस्तावावर सही करतो भलताच अध्यक्ष. कंपनीचा विधी विभाग तिथेच फाइल थांबवतो. म्हणून बदल अर्ज मंजूर करून घेणे हे पहिले काम, सुंदर छायाचित्रांची पुस्तिका नंतर.

मागणी काय करायची, हेही नीट ठरवा. राखेची धूळ आवरणे, पर्यावरण मंजुरीतल्या अटीप्रमाणे हरितपट्टा लावणे ही कंपनीची कायदेशीर जबाबदारी आहे. ती सीएसआर खर्चात धरता येत नाही. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा. विनंतीअर्जात ती घातलीत तर आपला हक्क आपणच मेहेरबानी करून टाकता.

कंपनीच्या संस्थळावर तिचे सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प जाहीर असतात. ते वाचून त्या चौकटीत प्रस्ताव बसवा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दिलेला प्रस्ताव पुढच्या वार्षिक आराखड्यात यायला वाव राहतो. पैसे मंजूर कामावरच गेले, असे कंपनीच्या वित्तप्रमुखाला संचालक मंडळापुढे प्रमाणित करावे लागते. म्हणून प्रत्येक हप्त्याची बिले आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेवर द्या.