सेंद्रिय प्रकाशशोधक

कॅमेऱ्याच्या प्रतिमा-संवेदकात प्रकाशापासून विद्युतप्रवाह निर्माण करणारा, कार्बनी संयुगांचा अतिशय पातळ थर. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून बेळगावात आहे. पण खानापूर-निपाणीकडून मराठी माध्यमात दहावी होऊन अभियांत्रिकीला आलेल्या मुलांना हा विषय मराठीत क्वचितच वाचायला मिळतो.

लाल प्रकाश टिपायला नेहमीच्या संवेदकातला सिलिकॉनचा थर काही मायक्रोमीटर जाड लागतो. सेंद्रिय रेणू प्रकाश फार जोमाने शोषतात. २०१३ मध्ये फुजीफिल्म आणि पॅनासॉनिक यांनी जाहीर केलेल्या संवेदकात असा थर अवघा ०.५ मायक्रोमीटर होता. तो सर्किटच्या वर बसत असल्याने पिक्सेलचे जवळपास सगळे क्षेत्र प्रकाशासाठी मोकळे राहते आणि तिरपे किरणही वाया जात नाहीत.

प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन प्रभाराची रिकामी जागा) सुटे होत नाहीत. एकमेकांना घट्ट धरलेली त्यांची जोडी, म्हणजे एक्सायटॉन, तयार होते. ती साधारण १० नॅनोमीटर सरकते आणि विरून जाते. तेवढ्यात तिला दाता (इलेक्ट्रॉन देणारा) आणि ग्राही (इलेक्ट्रॉन घेणारा) पदार्थांची सीमा गाठायला हवी, तिथेच ती फुटून प्रभार सुटे होतात, म्हणून दोन्ही पदार्थ एकाच थरात बारीक मिसळतात. दाण्यांची रचना फार भरड झाली तर जोड्या वाया जातात. फार बारीक झाली तर सुटलेले प्रभार इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचण्याआधीच पुन्हा जुळतात.

तरीही प्रकाश पकडणे हे या कामातले सोपे अंग. खरी कसोटी अंधारात लागते. प्रकाश नसतानाही जो प्रवाह झिरपतो, तो अंधुक दृश्याचा संकेत गिळून टाकतो. विद्युतदाबाखाली इलेक्ट्रोडमधून नको ते प्रभार आत शिरतात, त्यांना अडवायला दोन्ही बाजूंना रोधक थर देतात. जाडी वाढवली की गळती घटते, पण प्रभारांना जास्त अंतर कापावे लागते आणि संवेदक मंदावतो. धुळीचा एखादा कण थराहून कितीतरी जाड असू शकतो. तो थराखाली राहिला तर त्या जागी इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात आणि तो पिक्सेल कायमचा जातो. तापमान चढले तरी अंधारातला प्रवाह वाढतो, त्यामुळे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत (ओतशाळेत) भट्टीजवळ लावायच्या कॅमेऱ्याचा हिशेब निराळा करावा लागेल.

ओल आणि ऑक्सिजन या थराचे उघड वैरी. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी हवेत उघडा नमुना टिकणार नाही. कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत थर चढवून, तिथेच काच किंवा ऑक्साइडच्या आवरणाने तो बंद करावा लागतो.