चंद्रावरचा ससा आणि ठाण्याचे रेखांश

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक नकाशा उगवतो. टँकर कधी येणार आणि घोडबंदर रोडला आज किती ट्रॅफिक, या दोन मेसेजांच्या मधोमध. नकाशात एक ससा, शेजारी पिंपळाची पानं, वर महाभारतातला श्लोक. ‘चित्र उलटं धरा, पृथ्वीचे सगळे खंड दिसतील!’ खाली जोडलेल्या हातांची रांग.

या वेळी मी श्लोक नीट वाचला. भीष्मपर्वातला आहे. माणूस आरशात आपलं तोंड पाहतो, तसा सुदर्शनद्वीप, म्हणजे आपलीच भूमी, दिसतो. कुठे दिसतो? ‘चन्द्रमण्डले’. पुढच्या ओळीत त्याचे दोन भाग पिंपळ आणि दोन भाग ‘शशो महान्’, म्हणजे मोठा ससा. हा आपल्या ओळखीचा, चंद्रावरच्या डागांतला ससा. चंद्राला शशांक म्हणतात ते त्याच्यामुळेच. कुणीतरी वर पाहिलं, डाग दिसले आणि वाटलं, ही आपल्याच भूमीची सावली आरशात पडली आहे. कल्पना इतकी देखणी आहे की तिच्यात ओढूनताणून अमेरिका कोंबायची गरजच नाही.

गंमत अशी की जगाचा नकाशा काढायला चंद्राचा खरोखर उपयोग झाला. मात्र आरसा म्हणून नव्हे, घड्याळ म्हणून.

‘पूर्वी सगळे पृथ्वी सपाट मानायचे’ हे अर्धवट खरं आहे. पुराणांतला जंबुद्वीप मेरूभोवती पसरलेला सपाटच आहे. पण इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानं लिहिलं, की कदंबाच्या फुलाला चहूबाजूंनी केसर असतात तसे गोल पृथ्वीवर सगळीकडे प्राणी आहेत. दोन्ही चित्रं शेकडो वर्षं सुखानं शेजारी नांदली. पृथ्वी गोल आहे हे शिकलेल्यांना ठाऊक होतं. अडचण वेगळीच होती: त्या गोलावर आपलं गाव नेमकं कुठं?

उत्तर-दक्षिण सोपं. ठाण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण १९ अंश वर दिसतो, म्हणजे आपले अक्षांश १९. दिवसा मोजायचं तर उभ्या काठीची दुपारची सावली आहेच. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस आपल्याकडे ती सावली पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस शाळेच्या मैदानावर पुष्कळांनी पाहिला असेल.

पूर्व-पश्चिमेला मात्र असं काही नाही. त्या दिशेला ध्रुवतारा नाही. ठाण्याच्या आकाशात आज जे तारे दिसतात, तेच तासाभरापूर्वी कोलकात्यावर होते. फरक फक्त वेळेचा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ आणि चार मिनिटांना एक अंश. रेखांश मोजणं म्हणजे दोन गावांच्या सूर्यघड्याळांतला फरक मोजणं. पण तिकडं आत्ता किती वाजलेत हे इकडं कळायचं कसं? फोन नाही, तार नाही. घोडेस्वार पाठवावा तर तो पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली. दोन्ही गावांना एकाच क्षणी दिसेल अशी खूण हवी.

चंद्रग्रहण ही ती खूण. सूर्यग्रहण चालत नाही, कारण चंद्राची सावली जमिनीवरून धावत जाते आणि प्रत्येक गावाला वेगळ्या क्षणी गाठते. चंद्रग्रहणात आपली सावली चंद्रावर पडते. चंद्र काळवंडतो तो सगळ्यांसाठी एकदमच. तेव्हा ठाण्याचं स्थानिक घड्याळ किती दाखवतं, उज्जैनचं किती, एवढं लिहून ठेवायचं आणि वजाबाकी करायची.

सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथात ही रीत स्पष्ट दिली आहे. लंकेपासून मेरूपर्यंत (म्हणजे उत्तर ध्रुवापर्यंत) उज्जैन, रोहीतक (आजचं रोहतक), कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा धरायची. (ही लंका विषुववृत्तावरचा गणिती बिंदू आहे. आजची श्रीलंका उज्जैनच्या रेषेपासून बरीच पूर्वेला आहे.) त्या रेषेसाठी ग्रहणातलं उन्मीलन, म्हणजे झाकलेल्या चंद्राची पहिली कड उजळण्याची वेळ, गणितानं काढायची. तुमच्या गावी ती उशिरा दिसली तर तुम्ही रेषेच्या पूर्वेला, लवकर दिसली तर पश्चिमेला. ठाणं उज्जैनच्या २.८ अंश पश्चिमेला आहे, म्हणून आपलं घड्याळ ११ मिनिटं मागं. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे प्रश्न अर्ध्या घटकेचाही नाही. पाण्यात भोकाचं तांब्याचं वाटगं बुडतंय, घटका भरतेय, वर सावलीची कड धूसर. त्यात मूळ गणितच ११ मिनिटांनी चुकलं तर ठाणं थेट उज्जैनच्या रेषेवर जाऊन बसतं. आपल्याकडे एक मिनिट चुकलं की नकाशावर २६ किलोमीटर चुकतात. पूर्वेला चुकलं तर ठाणं बदलापूरच्या आसपास, पश्चिमेला चुकलं तर अरबी समुद्रात.

ही उज्जैनची रेषा पुढं अरबांकडे गेली. उज्जैनचं ‘उझैन’ झालं, लिहिताना ‘झ’वरचा नुक्ता गळला आणि ‘अरीन’ उरलं. मग युरोपातले पंडित पृथ्वीच्या मध्यावरच्या अरीन नावाच्या जागेबद्दल लिहीत बसले. एका ठिपक्यानं गाव हरवलं.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात इ.स. १५० च्या सुमारास टॉलेमी या भूगोलज्ञानं सुमारे ८,००० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश मांडले. आपला सोपारा, चौल आणि पैठण त्यात आहेत. ग्रहणाची युक्ती त्याला पक्की माहीत होती, पण नोंदी मिळेनात. उदाहरण म्हणून त्यानं इ.स.पू. ३३१ चं ग्रहण दिलं: अर्बेलात (आजच्या इराकमध्ये) पाचव्या तासाला दिसलं, कार्थेजात (आजच्या ट्युनिशियात) दुसऱ्या. फरक तीन तास, म्हणजे ४५ अंश. खरा फरक ३४ अंशांच्या आत आहे. बाकी जग त्यानं व्यापारी आणि खलाशांच्या ‘इतक्या दिवसांचा प्रवास’ या हिशेबावर रचलं, त्यातही पृथ्वी खऱ्यापेक्षा लहान धरून. त्यामुळे भूमध्य समुद्र ४२ च्या जागी ६२ अंश ताणला गेला. भारताचं तर द्वीपकल्पच चपटं झालं: किनारा दक्षिणेला उतरायचं सोडून पूर्वेला धावतो आणि श्रीलंका अवाढव्य दिसते. या बाजूच्या सावल्याही त्याच्याकडे नव्हत्या आणि ग्रहणंही.

कोलंबसानं २९ फेब्रुवारी १५०४ च्या ग्रहणाची वेळ पंचांगात आधीच वाचून जमैकाच्या लोकांना ‘देव कोपला’ म्हणून घाबरवलं आणि त्यांच्याकडून धान्य उकळलं. त्याच रात्री त्यानं रेखांशही मोजले. स्पेनच्या कादिझपासून सव्वासात तास, असं त्याचं उत्तर. खरा फरक पावणेपाच तासांचा. भीती घालणं त्याला मोजणीपेक्षा बरं जमलं.

७ सप्टेंबर २०२५ ला, विसर्जनाच्या दुसऱ्या रात्री, खग्रास ग्रहण होतं. कोलकात्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाला मी कामाला लावलं. त्या आठवड्यात जेव्हा ऊन पडलं तेव्हा दोघांनी आपापल्या गच्चीवर ओळंबा टांगला, सर्वांत आखूड सावलीला खडूनं रेघ मारली आणि त्या क्षणी एकेका जुन्या घड्याळात बारा लावले. (माझं घड्याळ प्रमाणवेळेपेक्षा ३६ मिनिटं मागं पडलं. ते पाहून आईला जुना ‘मुंबई टाइम’ आठवला, तो ३९ मिनिटं मागं असायचा.) रात्री समोरच्या इमारतीत खिडक्या बंद, तुळशीपत्रं टाकलेली भांडी झाकलेली. ज्या सिद्धान्तांवर ग्रहणाचं पंचांग उभं राहिलं, ते लिहिणारे मात्र त्या वेळी उघड्यावर मान वर करून बसत असणार.

ढगांच्या फटीतून शेवटची उजळ कड विझली तेव्हा माझ्या घड्याळात १० वाजून २८ मिनिटं झाली होती. भावाच्या घड्याळात ११ वाजून २५. फरक ५७ मिनिटं, म्हणजे १४.२५ अंश. पुस्तकात १५.४ आहे.

“ताई, मग मी कुठं राहतो?” त्यानं विचारलं.

“खरगपूरपाशी.”

चूक कड विझताना झाली. लाल झालेल्या चंद्रावर शेवटचा उजेड नक्की कधी संपला हे डोळ्याला ठरवता येत नाही. दोघांचा अंदाज दोन-तीन मिनिटांनी उलटसुलट गेला. काळोखातून पहिला ठिपका चमकतो तो जास्त ठळक कळतो, आणि सूर्यसिद्धान्तही आधी उन्मीलनाचंच नाव घेतो. पण आमच्याकडे तोवर ढग पुन्हा दाटले होते.

३१ डिसेंबर २०२८ ला पुन्हा खग्रास आहे. रात्री दहाच्या सुमारास चंद्र पुरता सावलीत असेल, आणि डिसेंबरात ढगांची सबब सांगता येणार नाही. त्या रात्री पार्टी असते म्हणून भाऊ कुरकुरतो आहे. मी त्याला सांगितलंय, अकरापर्यंत गच्चीवर थांब, मग कुठं जायचं तिथं जा.