सेवा-नोंदींतील पदकांची दुरुस्ती (अमेरिका)

अमेरिकेच्या सैन्यदलांतून बाहेर पडलेल्या सैनिकाने मिळवलेली पदके, बॅज, मोहिमांचे तारे किंवा त्याच्या तुकडीला मिळालेली मानपत्रे त्याच्या सेवा-कागदांत यायची राहून गेली असतील, अथवा चुकीची चढवली गेली असतील, तर ती मागाहून दुरुस्त करून घेण्याची रीत. अर्ज माजी सैनिकाला स्वतः करता येतो. तो हयात नसल्यास पत्नी, मुले किंवा अन्य जवळचे वारस करतात. दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम या तीन युद्धांतील सैनिकांच्या बाबतीत ही वेळ वारंवार येते, आणि बऱ्याच घरांत ती वडिलांच्या पश्चात, ट्रंक आवरताना येते.

सगळा मामला फिरतो तो डीडी २१४ या एका कागदाभोवती. सेवामुक्तीचा हा दाखला १९५० पासून तिन्ही दलांत एकाच नमुन्यात दिला जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धातील भूदल सैनिकांकडे त्याआधीचा ५३-५५ क्रमांकाचा दाखला असतो. आजच्या डीडी २१४ मध्ये पदकांसाठी १३ क्रमांकाचा रकाना आहे. माजी सैनिकांची रुग्णालये, शिष्यवृत्ती, दफनभूमी, नोकरीतील प्राधान्य, सगळीकडे हाच दाखला पुढे करावा लागतो. पदक छातीवर असले तरी रकान्यात नसेल तर सरकारदरबारी ते नाहीच. दुरुस्ती मंजूर झाली तरी मूळ दाखल्यावर सहसा खाडाखोड होत नाही. डीडी २१५ नावाचा वेगळा दुरुस्तीपत्रक-कागद निघतो आणि तो मूळ दाखल्याला कायमचा जोडून ठेवायचा असतो. जोडपत्र हरवले की जुनी चूक पुन्हा जिवंत होते, म्हणून जाणते लोक दोन्ही कागदांच्या प्रती काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) नोंदणी कार्यालयात दाखल करून ठेवतात.

चुका कशा होतात. दाखला भरणारा कारकून लढाईत नसतो. त्याच्यासमोर सैनिकाची वैयक्तिक फाइल (भूदलात तिला २०१ फाइल म्हणत) असते, आणि त्या दिवसापर्यंत तिच्यात जे आदेश लागले असतील तेवढेच तो उतरवतो. घरी जायच्या घाईत असलेला सैनिक रकाने न वाचता सही करतो. व्हिएतनामहून परतणाऱ्यांना कॅलिफोर्नियातील ओकलंडसारख्या तळांवर भराभर मोकळे केले जाई. शिफारशी मात्र मागून, कधी कित्येक महिन्यांनी मंजूर होत. तोवर फाइल कोठारात गेलेली असे.

व्हिएतनाम सेवा पदकाचे तारे हे याचे ठळक उदाहरण. त्या युद्धाचे भूदलाने सतरा मोहिमांत विभाजन केले आहे आणि प्रत्येक मोहिमेसाठी पदकाच्या फितीवर एक छोटा कांस्य तारा लागतो. जानेवारी १९६८ च्या सुरुवातीला तिथे उतरून वर्ष पुरे करणारा सैनिक पाच मोहिमांत मोडतो. २९ जानेवारीला एक मोहीम संपली, ३० जानेवारी ते १ एप्रिल ही टेट प्रतिआक्रमणाची मोहीम, त्यानंतर जूनअखेर, १ नोव्हेंबर आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत अशा आणखी तीन. पाच कांस्य ताऱ्यांऐवजी एक रुपेरी तारा लावायचा असा नियम आहे. प्रत्यक्षात अशा कित्येकांच्या दाखल्यावर नुसते पदकाचे नाव आढळते, ताऱ्यांचा पत्ता नसतो. हा फितीवरचा रुपेरी तारा आणि ‘सिल्व्हर स्टार’ हे शौर्यपदक यांत गल्लत करून आजोबांच्या पराक्रमाच्या कथा रचणारी घरेही कमी नाहीत.

दुसरे कारण म्हणजे नियमच मागाहून बदलतात. १९४७ मध्ये असे ठरले की ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात ज्यांना लढाऊ पायदळ बॅज किंवा लढाऊ वैद्यकीय बॅज मिळाला, ते सर्व ब्राँझ स्टार पदकाला पात्र (फितीवरच्या कांस्य ताऱ्याहून हे वेगळे). तोवर बहुतेक पायदळ सैनिक दाखला घेऊन घरी, शेतावर किंवा कारखान्यात परतले होते. पदक आपोआप घरी येणार नव्हते, ते मागावे लागे. हजारोंना ते कधी कळलेच नाही. व्हिएतनामच्या बाबतीत १९७४ च्या सर्वसाधारण आदेश क्रमांक ८ ने तिथे असलेल्या जवळपास सर्व भूदल तुकड्यांना दक्षिण व्हिएतनामचे गॅलंट्री क्रॉस तुकडी-मानपत्र दिले. १९६९ साली सुटलेल्या माणसाच्या दाखल्यावर ते असणार तरी कसे? कोरियन संरक्षण सेवा पदक २००२ च्या कायद्याने आले आणि पात्रता मागे थेट २८ जुलै १९५४ पर्यंत नेली गेली. युद्धकैद्यांचे पदक १९८५ मध्ये सुरू झाले, तेही पूर्वलक्षी.

दोन वेगळ्या वाटा. अर्जदारांचा सर्वाधिक वेळ वाया जातो तो एक भेद न कळल्याने. पदक मंजूर झाले होते, आदेश निघाला होता, फक्त दाखल्यावर चढले नाही, ही एक स्थिती. पदक मिळायला हवे होते पण कोणी दिलेच नाही, ही दुसरी. पहिली कारकुनी चूक आहे. तिला नोंद-दुरुस्ती मंडळ (त्याविषयी पुढे) लागत नाही, वकील तर नाहीच. एसएफ १८० हा अर्ज किंवा त्याचे ऑनलाइन रूप भरून सेंट लुइस, मिसूरी येथील राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राकडे पाठवायचा. तेथून तो संबंधित दलाच्या पदक शाखेकडे जातो, पडताळणी होते, डीडी २१५ निघतो. माजी सैनिकाला पहिल्यांदा दिल्या जाणाऱ्या पदकांचे पैसे पडत नाहीत. मोहीम पदके, तुकडी-मानपत्रे आणि वर सांगितलेला ब्राँझ स्टार याच वाटेने सुटतात. दुसऱ्या स्थितीत निर्णय करावा लागतो, आणि निर्णयाला पुरावा लागतो.

आग. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस केंद्राच्या सहाव्या मजल्याला आग लागली. इमारतीच्या अभिलेख-दालनांत पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सुटलेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के, तर २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ मधील हवाई दलाच्या, आडनावाच्या वर्णक्रमाने ‘हबर्ड’च्या पुढच्या, सुमारे ७५ टक्के फायली त्यात गेल्या. दुसरी प्रत नव्हती, सूक्ष्मफिती नव्हत्या, काय होते याची पूर्ण सूचीही नव्हती. आगीतून वाचलेल्या पण भिजलेल्या फायली निर्वात कक्षांत वाळवल्या गेल्या. कडा जळलेले असे कागद आजही हातमोजे घालून हाताळले जातात. नौदल आणि मरीन कोर या आगीतून सुटले.

जळीत फायलींच्या जागी केंद्र इतर कागदांवरून ‘पुनर्रचित’ फाइल उभी करते. सेवामुक्तीच्या अंतिम वेतनाची व्हाउचरे, तुकडीचे रोजचे हजेरी अहवाल, राज्यांनी युद्धानंतर दिलेल्या बोनसचे अर्ज, सर्जन जनरलच्या कार्यालयाने सांख्यिकीसाठी काढलेली रुग्णालय-भरतीची माहिती, हे तिचे मुख्य साहित्य. रोजच्या हजेरी अहवालात ‘कामावरून रुग्णालयात, युद्धात जखमी’ अशी एक ओळ सापडली की वीस पानी अर्जापेक्षा ती भारी पडते. ‘माझे सगळे जळाले’ हा समज मात्र अनेकदा खोटा ठरतो. पदकांचे आदेश एकेका माणसासाठी क्वचितच निघत. एकाच पानावर दहा-वीस नावे, प्रत्येकापुढे हुद्दा, सेवा क्रमांक, कंपनी, घटनेची तारीख, आणि तळाशी प्रती कोणाकोणाला द्यायच्या त्याची यादी. म्हणजे आपली प्रत जळाली तरी तोच कागद त्याच पानावरच्या सोबत्याच्या फायलीत, त्याच्या घरच्या ट्रंकेत, किंवा राष्ट्रीय अभिलेखागारातील तुकडीच्या दप्तरात असू शकतो. तुकडीच्या पुनर्मीलन मेळाव्यांत जाणारे म्हातारे सैनिक खिशात झेरॉक्स घेऊन फिरतात ते यासाठी.

मंडळ. १९४६ पूर्वी नोंद दुरुस्त करायची तर खासदाराला गाठून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, खाजगी विधेयक आणावे लागे. विधेयकांचा हा ढीग असह्य झाला. त्या वर्षीच्या विधिमंडळ पुनर्रचना कायद्याने ती वाट बंद केली आणि प्रत्येक दलाच्या सचिवाला नागरी मंडळामार्फत नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार दिला. आज हा अधिकार अमेरिकी संहितेच्या १० व्या शीर्षकातील कलम १५५२ मध्ये आहे. भूदल आणि हवाई दल यांची आपापली मंडळे आहेत, नौदल व मरीन कोर मिळून एक, तटरक्षक दलाचे वेगळे. अर्ज डीडी १४९ वर. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असे कायदा म्हणतो, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ मुदत माफ करू शकते आणि जुन्या युद्धांच्या प्रकरणांत बऱ्याचदा करते. आधी खालच्या वाटा संपवलेल्या असाव्या लागतात. सरकारी काम नियमानुसारच झाले असेल असे गृहीत धरून मंडळ सुरुवात करते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. सुनावणीचा हक्क नाही, बहुतेक निकाल कागदांवरच होतात. नऊ दशांश प्रकरणे दहा महिन्यांत आणि सर्व अठरा महिन्यांत निकाली काढावीत असे कायद्यात आहे.

पर्पल हार्ट या युद्धजखमींच्या पदकाचे अर्ज इथे सर्वांत नाजूक असतात. हे पदक शिफारशीवर नाही, हक्काने मिळते. पण जखम शत्रूच्या कृतीने झाली, तिच्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याचे उपचार लागले आणि उपचारांची नोंद झाली, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. आघाडीवरच्या वैद्यकाने पट्टी बांधली आणि माणूस पुन्हा खंदकात गेला, तर तिसरी गोष्ट कोठून आणायची? अशा वेळी सोबत्यांची शपथपत्रे, तेव्हा घरी लिहिलेली पत्रे, व्हिएतनामच्या हताहतांची यादी यांचा आधार घेतला जातो. पन्नास वर्षांनी लिहिलेल्या शपथपत्रापेक्षा त्या आठवड्यात आईला लिहिलेले पत्र मंडळाला अधिक पटते, आणि ते रास्तच आहे.

काँग्रेसची वाट. शिफारस कधी झालीच नाही किंवा वाटेत हरवली, आणि मुदत उलटून गेली, तर १० व्या शीर्षकातील कलम ११३० खाली काँग्रेस सदस्याने प्रकरण संबंधित सचिवाकडे पाठवायचे असते. मुदतीचा अडसर त्याने दूर होतो. शिफारस मात्र तेव्हाच्या वरिष्ठाने किंवा प्रत्यक्षदर्शीने दिलेली लागते. मॅथ्यू अर्बन या अधिकाऱ्याच्या सर्वोच्च पदकाची दुसऱ्या महायुद्धातील शिफारस फायलींत हरवली होती. ती सापडल्यावर १९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना मेडल ऑफ ऑनर दिले.

याहून बोलके प्रकरण हेन्री जॉन्सन यांचे आहे. ऑल्बनी, न्यूयॉर्क येथील हा कृष्णवर्णीय हमाल पहिल्या महायुद्धात ३६९ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये होता. ही रेजिमेंट फ्रेंच सैन्याच्या हाताखाली लढायला देण्यात आली होती. मे १९१८ मध्ये आर्गोनच्या जंगलात पहाऱ्यावर असताना जर्मन टोळीने रात्री हल्ला केला. जॉन्सन यांनी हातबाँब संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने आणि मग सुऱ्याने लढून जखमी सोबती नीडहॅम रॉबर्ट्स याला वाचवले. अंगावर २१ जखमा झाल्या. फ्रान्सने क्रॉ द गेर हे शौर्यपदक दिले. स्वतःच्या देशाने काही दिले नाही, इतकेच नव्हे तर सेवामुक्तीच्या कागदांत जखमांचा उल्लेखही केला नाही. १९२९ मध्ये ते वारले. पर्पल हार्ट १९९६ मध्ये आले, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक २००२ मध्ये, आणि फ्रान्समधील अमेरिकी फौजांचे सेनापती जनरल पर्शिंग यांच्या युद्धकाळातील संदेशासारखे समकालीन पुरावे हाती लागल्यावर २ जून २०१५ रोजी मेडल ऑफ ऑनर. त्या वेळी वंशावळ तपासली असता, ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांना आपले मानून पाठपुरावा केला होता त्यांचे रक्ताचे नाते सिद्ध झाले नाही. पदक न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका ज्येष्ठ सार्जंटने स्वीकारले.

वंशभेदाने अडलेल्या पदकांसाठी काँग्रेसने व सैन्याने सामूहिक फेरतपासण्याही केल्या. १३ जानेवारी १९९७ रोजी दुसऱ्या महायुद्धातील सात कृष्णवर्णीयांना मेडल ऑफ ऑनर मिळाले, त्यांपैकी व्हर्नन बेकर एकटेच हयात होते. जून २००० मध्ये २२ आशियाई-अमेरिकनांना, तर मार्च २०१४ मध्ये प्रामुख्याने ज्यू आणि हिस्पॅनिक असलेल्या २४ जणांना ते देण्यात आले.

काय पदरात पडते. पर्पल हार्टधारकाला माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत वरचा प्राधान्यगट मिळतो, रुग्णालयातील व बाह्यरुग्ण उपचारांत रुग्णाने भरायचा हिस्सा माफ होतो, आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी वा त्यानंतर हे पदक मिळालेल्याला ऑगस्ट २०१८ पासून ९/११ नंतरच्या जीआय बिलाचा (माजी सैनिकांच्या शिक्षणखर्चाच्या कायद्याचा) पूर्ण लाभ मिळतो. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत जमिनीत दफन होण्यास पर्पल हार्ट किंवा सिल्व्हर स्टार व त्यावरील पदक पुरेसे असते. लढाऊ बॅज नोंदीत असेल तर मानसिक आघाताच्या दाव्यात ‘तू खरोखर लढाईत होतास का’ हा प्रश्न बहुधा उरत नाही.

दुरुस्ती उलट दिशेनेही होते. डीडी २१४ वर जास्तीची पदके चढल्याचीही उदाहरणे आहेत. नौदलाचा प्रसिद्ध नेमबाज ख्रिस काइल याच्या दाखल्यावर दोन सिल्व्हर स्टार व सहा ब्राँझ स्टार होते. नौदलाने २०१६ मध्ये ते एक आणि चार असे दुरुस्त केले. खोट्या पदकांचा नुसता दावा करणे गुन्हा ठरवणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. २०१३ च्या नव्या कायद्यात लाभ उकळण्यासाठी केलेला खोटा दावा तेवढा गुन्हा राहिला.

भारतात अमेरिकेसारखे नोंद-दुरुस्तीचे वेगळे नागरी मंडळ नाही. सैनिकाच्या सेवेतील घटना पार्ट-टू ऑर्डर या तुकडीच्या कार्यालयीन आदेशाने प्रसिद्ध होतात आणि कायमच्या नोंदी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे ते कार्यालय बेळगावला आहे. माजी सैनिक पहिला अर्ज तिथेच करतो, बहुधा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने. तिथे दाद न लागल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत बसते, आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करावा लागतो.