फोर बाय फोर लागलं पण निघत नाही? फोन करायच्या आधी एवढं वाचा

पाऊस सुरू झाला की आमच्या गॅरेजला ठरलेला फोन येतो, "दादा, फोर एच टाकलं होतं, आता टू एचला येतच नाहीये, लिव्हर जाम झालाय, कोणाला तरी पाठवा." (फोर एच म्हणजे चारही चाकांना ताकद, टू एच म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना.) ताम्हिणीतून आलेली गाडी असते, मुळशी साइडची असते, किंवा कोकणातून परत येताना कोणीतरी अडकलेलं असतं. आणि यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये मोडलेलं काहीच नसतं, म्हणून हे लिहून ठेवतोय. थार, जिप्सी, जुनी बोलेरो फोर बाय फोर, ज्यांना गिअरशेजारी वेगळा छोटा लिव्हर आहे त्या गाड्यांसाठी हे आहे, बटणावर चालणाऱ्यांचं गणित वेगळं.

होतं काय, तर या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) पुढच्या-मागच्या अॅक्सलसाठी मधलं डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा गिअर) नसतं, म्हणजे फोर एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच स्पीडने फिरणार. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत टायर थोडा घसरतो आणि हिशोब जुळून जातो, कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या दात्यांवर बसतो. वळताना गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी जड लागते, टायर किरकिरतात, तो हाच पीळ. दाते त्या दाबाने एकमेकांना घट्ट धरून बसले की लिव्हर हलणार कसा.

मग करायचं काय: स्टिअरिंग एकदम सरळ करा, मागे कोणी नाही बघा आणि गाडी हळू सरळ रिव्हर्स घ्या, दोन गाड्यांच्या लांबीएवढी पुरते. चालत्या गाडीतच अॅक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा आणि लिव्हर नुसता हाताच्या वजनाने टू एचकडे न्या. नाही आला तर थोडं पुढे, परत मागे. शेजारी मुरूम किंवा माती असेल तर गाडी तिकडे उतरवून करा, तिथे पीळ लवकर सुटतो. लिव्हर टू एचला आला तरी डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा लगेच विझत नाही कधीकधी, थोडं सरळ चालवा, विझतो. (फोर एल, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जास्त जोराचा गिअर, मात्र गाडी पूर्ण थांबवूनच काढायचं.)

आता ज्या चुकीने तुमचे आठ-दहा दिवस जातात ती. लिव्हर येत नाही म्हणून दोन्ही हातांनी ओढणं, लाथ मारणं, पाइप घालून ओढणं. कृपा करून हे करू नका. आतला सिलेक्टर फोर्क (लिव्हरच्या हुकमाने गिअर सरकवणारा काटा) वाकतो, मग ट्रान्सफर केस खाली उतरवल्याशिवाय इलाज नाही आणि जे काम रिव्हर्समध्ये फुकट झालं असतं त्याचं मोठं बिल होतं. शिवाय ओढाओढीत लिव्हर मध्येच एनला (न्यूट्रलला) येऊन थांबला तर गाडी गिअरमध्ये असूनसुद्धा चाकं मोकळी असतात, घाटात उतारावर सरळ घरंगळते. उतारावर गाडी उभी असेल तर आधी हॅण्डब्रेक, चाकाला दगड, मगच लिव्हरला हात.

आम्ही फोनवर आधी रिव्हर्स घ्यायला सांगतो तर काहींना वाटतं हे यायला टाळतायत. तसं नाही हो, व्हिजिट चार्ज लावून येऊन आमचा माणूसही पहिलं तेच करणार, मग तुमचे पैसे कशाला घालवायचे. आणि गाडी आली की आम्ही आधी चारही टायर मोजतो, त्यावरही लोक वैतागतात. पण पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले, समजा नक्षीत पाच एमएमचा फरक, तर थारच्या साइजला ढोबळमानाने किलोमीटरमागे दहा-बारा मीटरचा फरक पडतो, म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ चढतच राहणार. अशा गाडीची ट्रान्सफर केस उघडून आम्ही काय शोधायचं? टायर बदलताना चारही एका साइजचे, एका मेकचे घ्या, हवा कंपनीने दिलीय तेवढीच ठेवा, रोटेशन चुकवू नका.

लिव्हर टू एचला आहे, सरळ चालवूनही दिवा जातच नाही, तर मोकळ्या जागेत हळू फुल स्टिअरिंग फिरवून बघा. गाडी मोकळी वळली तर बहुतेक स्विच किंवा वायरिंगमध्ये पाणी-चिखल गेलाय, छोटं काम आहे. धरली तर मात्र पुढचा अॅक्सल खरंच सुटलेला नाही, हब किंवा अॅक्सलचा डिसकनेक्ट (पुढची चाकं जोडणारा-सोडणारा भाग) बघावा लागेल, गाडी घेऊन या.

मे महिन्यात आम्ही लिंकेज (लिव्हरपासून ट्रान्सफर केसपर्यंतचे जोड) ग्रीसिंग, ट्रान्सफर केस ऑइल, हब आणि वायरिंग एकत्र चेक करून देतो, जूनमध्ये गर्दी असते तेव्हा आधीच या. नवीन गाडी घेतली असेल तर मागच्या मुरमाच्या जागेवर फोर बाय फोर टाकायला-काढायला आमचा माणूस शिकवतो, त्याचे पैसे नाहीत.

आणि अगदीच अडकली, टो करूनच आणायची झाली तर फ्लॅटबेडच मागवा, चारही चाकं वर पाहिजेत. फोर एचमध्ये अडकलेली गाडी पुढची दोन चाकं उचलून ओढत आणली की घरून निघताना नसलेला बिघाड आमच्या दारात येईपर्यंत झालेला असतो.