अपारंपरिक चित्ररचना (वन्यजीव छायाचित्रण)

वन्य प्राणी चौकटीत मोठा, रेखीव, उजळ आणि शक्यतो कॅमेऱ्याकडे पाहणारा असावा, हा रूढ संकेत जाणीवपूर्वक बाजूला ठेवून केलेली छायाचित्राची मांडणी. अशा छायाचित्रात प्राणी ठिपक्याएवढा दिसतो, चौकटीच्या कडेला सरकतो, अर्धवट कापला जातो, हलल्यामुळे पुसट होतो किंवा नुसत्या छायाकृतीतून ओळखू येतो. संकेत मोडला म्हणून चित्र चांगले होते असे नाही. ठसठशीत व्यक्तिचित्रातून कळत नाही असे काही, त्या प्राण्याचा अधिवास, त्याची चाल, त्याचा शेजार, अशा मांडणीतून कळले तरच तिला अर्थ येतो.

रूढ संकेत कसा पक्का झाला हे पाहण्याजोगे आहे. शिकारीनंतर जनावराशेजारी उभे राहून फोटो काढण्याची जुनी सवय त्याच्या मुळाशी आहे. पक्षी-प्राणी ओळखण्याच्या पुस्तकांना बाजूने घेतलेले, सर्व खुणा दाखवणारे चित्र लागे. उपकरणांनीही हात बांधले. १९८५ साली आलेल्या मिनोल्टा ७००० या गाजलेल्या कॅमेऱ्यात आपोआप फोकस साधणारा भाग एकच, तोही बरोबर मध्यभागी होता. साहजिकच पळते हरीण मध्यभागीच राही. त्यावर उतारा म्हणून शिकवला जाणारा एक तृतीयांशाचा नियम (चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग पाडून विषय मध्याऐवजी त्या रेषांवर ठेवण्याचा) जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये निसर्गदृश्यांच्या चित्रकलेविषयी लिहिताना मांडला होता. तो जंगलात वाट पाहणाऱ्याच्या अनुभवातून आलेला नाही, हे नवशिक्याला सांगायला हवे.

गंमत म्हणजे या कलेची सुरुवात संकेताच्या बाहेरच झाली. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांनी रात्री होडीतून, चमकदिव्याच्या भपक्यात हरणांची छायाचित्रे घेतली. काही ठिकाणी कॅमेऱ्याला जोडलेल्या दोरीला अडखळलेल्या प्राण्यानेच स्वतःचे चित्र टिपले. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै १९०६ च्या अंकात त्यांची ७४ छायाचित्रे छापली. त्यांतल्या पाणवठ्यावरील चित्रांत चौकटीचा मोठा भाग काळोखाने व्यापलेला असतो आणि त्या काळोखामुळेच हरणाचे दचकणे जाणवते.

प्राणी लहान ठेवणे हा आजचा सर्वांत रुळलेला मार्ग. फ्रान्सचे व्हँसाँ म्युनिए हिमप्रदेशातील लांडगे, कस्तुरीवृषभ असे प्राणी जवळजवळ कोऱ्या चौकटीत ठेवतात. कधी दोन डोळे आणि नाकाचा ठिपका एवढाच उरतो. बर्फ पांढराच दिसावा म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) एक ते दोन स्टॉप वाढवावे लागते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), कारण कॅमेऱ्याचे उजेडाचे मोजमाप पांढऱ्यालाही करड्याकडे ओढते. ही मोकळी जागा प्राण्याला किती थंडीत, किती एकटेपणात जगावे लागते हे सांगते, म्हणून ती भरीव वाटते.

मराठी वाचकाला जवळचे आणि माझ्या मते या प्रकारातले सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. नयन खानोलकर यांच्या आरे वसाहतीतील बिबट्याच्या छायाचित्राला २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वारली वस्तीतील अरुंद बोळ, घरांच्या भिंती, दिव्याचा उजेड आणि त्यातून जाणारा बिबट्या. खानोलकरांनी आधी वस्तीतल्या लोकांना विश्वासात घेतले, बोळात रोज असतो तसाच उजेड वाटावा अशा रीतीने फ्लॅश लावले आणि बिबट्या आला तरी तो चौकट व्यापणार नाही अशा बेताने कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा) बसवला. हवे ते चित्र मिळायला चार महिने लागले. बिबट्या जवळून, मोठा दिसला असता तर ते चित्र आणखी एका देखण्या बिबट्याचे झाले असते. येथे तो शेजारी आहे. वारली चित्रांत माणसे, झाडे, जनावरे एकाच प्रतलावर, कोणी कोणाला न झाकता वावरतात. वारली ज्याला देव मानतात त्या वाघोबाच्या लाकडी आणि दगडी फळ्यांवर वाघाबरोबर चंद्र-सूर्यही कोरलेले असतात. ज्या समाजाच्या अंगणातले हे छायाचित्र आहे, त्याची प्राण्याकडे पाहण्याची दृष्टी त्याच्या मांडणीशी इतकी जुळावी, हे मला फार मोलाचे वाटते.

काळ ताणणे हा दुसरा मार्ग. दक्षिण आफ्रिकेचे ग्रेग डू टॉइट यांना २०१३ मध्ये याच स्पर्धेचा सर्वोच्च मान मिळवून देणारे छायाचित्र बोट्स्वानातील मशाटू अभयारण्यात, पाणवठ्याजवळच्या जमिनीच्या पातळीवरील लपणातून (प्राण्याला न दिसता बसण्याच्या आडोशातून) घेतलेले आहे. रुंद दृश्य टिपणारे वाइड अँगल भिंग, मंद म्हणजे जास्त वेळ उघडे राहणारे शटर आणि थोडा वर कललेला कॅमेरा. त्यामुळे हत्ती पुसट झाले, पाय खांबांसारखे उंचावले आणि एक पिल्लू अगदी पुढ्यातून धावत गेले. ध्रुवण फिल्टरने निळसर छटा आणली. हत्तीची एकही सुरकुती नीट मोजता येत नाही, पण कळपाचे वजन आणि लगबग अंगावर येते. उडत्या पक्ष्यासाठी साधारण १/१५ ते १/६० सेकंदाचे शटर ठेवून त्याच्या वेगाने कॅमेरा फिरवतात, त्याला पॅनिंग म्हणतात. यात डोळा किंवा डोके तरी बऱ्यापैकी टिकावे लागते. सगळेच पुसले गेले तर नजर कुठे ठरत नाही. शेकडो चित्रांतून एखादे हाती लागते.

कापणे हा तिसरा मार्ग, आणि सर्वांत अवघड. ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन गिल यांनी दक्षिण स्वीडनमध्ये शेताकडेला एक लाकडी खांब रोवला आणि समोर हालचाल टिपणारा कॅमेरा ठेवला. चार वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्या पक्ष्यांचे नुसते पंख, पाय, वळलेल्या पाठी त्यात आल्या. ती छायाचित्रे २०१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पक्षी कोठे कापला जाणार हे तेथे माणसाने ठरवलेच नव्हते. हाताने कापताना मात्र जागा निवडावी लागते: सांध्यावर कापलेला पाय चूक वाटतो, त्याच्या बराच वर किंवा खाली कापलेला मुद्दाम केलेला वाटतो.

महाराष्ट्रात परिस्थितीच काही रचना सुचवते. ताडोबात जिप्सीतून उतरता येत नाही, म्हणून वाघाच्या डोळ्यांच्या पातळीवरून चित्र घेणे सहसा जमत नाही; समोरून चालत येणाऱ्या वाघाचे ‘हेड-ऑन’ चित्र प्रत्येक गाडीतून सारखेच निघते. तोच वाघ बांबूच्या उभ्या रेषांआड सोडला, तर त्याचे पट्टे कशासाठी आहेत ते एका नजरेत कळते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात नावेतून फिरताना कॅमेरा पाण्यालगत नेता येतो. रोहित पक्ष्यांच्या नुसत्या पायांची आणि प्रतिबिंबांची रांग तेथे उत्तम मिळते. आंबोलीच्या पावसात पानामागून उजेड देऊन बेडकाची केवळ सावली टिपण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

वेगळ्या चित्राच्या हव्यासात प्राण्याला त्रास होण्याचा धोका खरा आहे. वाइड अँगलसाठी जवळ जावे लागते. बेडूक किंवा साप उचलून सोयीच्या फांदीवर ठेवला जातो. घरट्यासमोरची पाने तोडली जातात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पर्यटनविषयक मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावे लागते. म्हणूनच दूरवरून चालणारा कॅमेरा ट्रॅप आणि लपण ही या शैलीची खरी साधने ठरली, अर्थात ती वनखात्याच्या परवानगीनेच वापरता येतात. २००९ च्या स्पर्धेत सर्वोच्च ठरलेले, फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र पुढच्याच वर्षी बाद करण्यात आले, कारण तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असल्याचा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. चौकट, उजेड आणि शटर यांच्याशी कितीही खेळण्याची मुभा तेव्हाही होती. प्राणी मात्र रानातला आणि आपल्या मर्जीने आलेला असावा लागतो.