युरोपीय संघाचा करार: एकट्याचा आणि मिश्र

युरोपीय संघाने जपानशी व्यापार करार केला आणि कॅनडाशीही केला. जपानच्या करारावर जुलै २०१८मध्ये सह्या झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत तो लागू झालासुद्धा. कॅनडाच्या करारावर ३० ऑक्टोबर २०१६ला सह्या झाल्या, पण तो अजून कागदोपत्री ‘तात्पुरता’च चालू आहे. कॅनडाने काही वाकडं केलेलं नाही. जपानचा करार एकट्या संघाचा होता, कॅनडाचा ‘मिश्र’ आहे. बातमीत मात्र दोन्हींना ‘युरोपीय संघाचा करार’ म्हणतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

बोलणी होईपर्यंत दोन्हींची वाट सारखीच. सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद परवानगी देते, युरोपीय आयोगाचे, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेचे, अधिकारी सगळ्यांच्या वतीने वाटाघाटी करतात, मसुदा पक्का झाला की परिषद सहीला मान्यता देते आणि युरोपीय संसदेची संमती लागते. ही संमती नुसता उपचार आहे असं समजू नका. बनावट मालाविरुद्धचा ‘अ‍ॅक्टा’ करार संसदेने २०१२मध्ये ४७८ विरुद्ध ३९ मतांनी उडवून लावला होता.

करार एकट्या संघाचा असेल, तर त्यानंतर परिषदेचा शेवटचा निर्णय झाला की काम संपलं. मिश्र करारात संघाच्या जोडीला प्रत्येक सदस्य देश स्वतः पक्षकार असतो, म्हणून प्रत्येकाने आपापल्या घटनेप्रमाणे मंजुरी द्यायची. बेल्जियममध्ये तर प्रांतांच्या विधिमंडळांचाही होकार लागतो. ऑक्टोबर २०१६मध्ये जेमतेम ३६ लाख वस्तीच्या वॉलोनिया या तिथल्या प्रांताने नकार दिला आणि कॅनडाच्या पंतप्रधानांसोबतचा सह्यांचा समारंभ ऐनवेळी पुढे ढकलावा लागला. परदेशाशी करार करणं आपल्याकडे केंद्राच्या हातात, त्यामुळे एखाद्या विधानसभेने असा करार रोखून धरल्याचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही.

कुठला करार कुठल्या प्रकारात जाणार, हे त्यातल्या विषयांवर ठरतं. करार किती मोठा, याला अर्थ नाही. सीमाशुल्क आणि व्यापार धोरण देशांनी संघाकडे पुरतं सोपवलेलं आहे. त्याबाहेरचं एखादं कलम आत शिरलं की देशांना पक्षकार करण्याचा प्रश्न उभा राहतो. सिंगापूरच्या करारावरून हा वाद युरोपीय न्यायालयात गेला. १६ मे २०१७च्या मतात न्यायालयाने सेवा, सरकारी खरेदी, बौद्धिक संपदा, इतकंच काय, कामगार आणि पर्यावरणाची कलमंही संघाच्या पदरात टाकली. अडलं ते दोन ठिकाणी: कंपनीवर ताबा न मिळवता केलेली शेअर-रोख्यांसारखी गुंतवणूक, आणि गुंतवणूकदाराने सरकारवर थेट दावा लावण्याची यंत्रणा.

यावर निघालेला तोडगा आपल्या कुठल्याही मुरलेल्या कारकुनाला सुचला असता: कराराचे दोन तुकडे. सिंगापूरचा व्यापाराचा भाग नोव्हेंबर २०१९मध्ये लागू झाला, गुंतवणूक संरक्षणाचा भाग वेगळा काढून देशांच्या मंजुरीसाठी ठेवला. व्हिएतनामचंही तसंच. भारताशी २०२२मध्ये बोलणी नव्याने सुरू झाली, तेव्हा व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकन यांचे तीन वेगळे मार्ग आखले गेले, त्याचं एक कारण माझ्या मते हेच.

सगळं कायद्याच्या काट्यावर तोलून ठरतं, असंही नाही. कॅनडाचा करार एकट्या संघाच्या अधिकारात बसतो असंच आयोगाचं मत होतं, पण देशांचा रेटा पाहून जुलै २०१६मध्ये त्याने तो मिश्र म्हणून मांडला. उलट १९९४च्या भारताबरोबरच्या सहकार्य करारात सदस्य देश पक्षकार नव्हते. त्यात अमली पदार्थ, संस्कृती, बौद्धिक संपदा असे विषय असताना आम्हाला का वगळलं, म्हणून पोर्तुगाल (होय, तोच) न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९९६मध्ये हरला.

आता परिणाम. एकट्या संघाच्या करारावर जर्मनीची स्वतंत्र सही नसते, तरी जर्मनी बांधील असते. संघ स्वतः ज्या करारावर उभा आहे, त्यातच तसं लिहिलं आहे. असे करार संघाच्या कायद्याचा भाग बनतात, हे न्यायालयाने १९७४मध्येच सांगितलं. मिश्र करारातल्या संघाच्या अधिकारातल्या कलमांनाही हेच लागू होतं. त्यांच्या आधारे सामान्य माणसाला कोर्टात हक्क मागता येईल का, हा प्रश्न निराळा, आणि त्याचं उत्तर कराराच्या शब्दांत शोधावं लागतं. पोर्तुगाल संघाबाहेर असताना त्याच्याशी झालेल्या कराराचा तसा आधार तिथल्या पोर्ट वाइनच्या एका जर्मन आयातदाराला १९८२मध्ये घेता आला. कॅनडाच्या करारात ही सोय स्पष्ट शब्दांत बंद केली आहे.

त्याच कॅनडाच्या कराराचा बहुतेक भाग २१ सप्टेंबर २०१७पासून चालू आहे, अडलंय ते मुख्यतः गुंतवणूक संरक्षणाचं प्रकरण. सायप्रसच्या संसदेने २०२०मध्ये नकार दिला, फ्रान्सच्या सिनेटने मार्च २०२४मध्ये. पण आमची मंजुरी कायमची फसली, असं दोन्ही सरकारांनी ब्रसेल्सला अधिकृतपणे कळवलेलं नाही. त्यामुळे कराराची तात्पुरती अंमलबजावणी थांबलेली नाही आणि सायप्रसचं हलुमी चीज कॅनडात जातंच आहे.