जावामधलं टूअपरकेस

स्ट्रिंगमधली, म्हणजे प्रोग्रॅममधल्या मजकुरातली, सगळी अक्षरं कॅपिटल करायला जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत टूअपरकेस ही मेथड, म्हणजे तयार फंक्शन, आहे. इंग्रजीपुरतं बघितलं तर काम सोपं, आस्की या इंग्रजी अक्षरांना नंबर देणाऱ्या जुन्या कोडमध्ये कॅपिटल ए चा नंबर ६५ आणि स्मॉल ए चा ९७, आणि सगळ्या २६ अक्षरांत हाच ३२ चा फरक. पण जावाची स्ट्रिंग युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांना नंबर देणाऱ्या कोडची, असते, तिथे हा हिशोब चालत नाही.

नवीन लोक आधी एका वेगळ्याच ठिकाणी अडकतात. जावात स्ट्रिंग एकदा बनली की बदलत नाही, मेथड नवीन स्ट्रिंग परत देते आणि जुनी तशीच राहते, त्यामुळे नुसती मेथड कॉल करून सोडून दिली तर काहीच होत नाही, रिझल्ट व्हेरिएबलमध्ये घ्यावा लागतो.

खरा त्रास लोकेलचा, म्हणजे भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगचा. कंस रिकामा ठेवला की मेथड डिफॉल्ट लोकेल घेते, म्हणजे तोच कोड दुसऱ्या मशीनवर वेगळं उत्तर देऊ शकतो. तुर्कीत आय दोन आहेत, एक टिंबवाला आणि एक बिनटिंबाचा, आणि दोघांच्याही स्मॉल-कॅपिटलच्या जोड्या वेगळ्या. आता समजा प्रोग्रॅमने स्मॉलमधलं आयडी कॅपिटल करून कॅपिटल आयडीशी जुळवून बघितलं, तर तुर्की लोकेलवर टिंबवाला कॅपिटल आय येतो, तो युनिकोडमध्ये वेगळा कॅरेक्टर आहे, आणि तुलना फेल. एरर येत नाही, क्रॅश होत नाही, म्हणून हा बग शोधायला फार जड जातो. अझरबैजानीतही हेच, लिथुआनियनचे नियम अजून निराळे. उपाय म्हणजे कंसात लोकेल.रूट, म्हणजे कुठल्याच भाषेला न बांधलेलं लोकेल, द्यायचं, ते जावा ६ पासून आहे. माझ्या मते कमांड, फाइल एक्स्टेन्शन, डेटाची की असल्या मशीनने वाचायच्या मजकुरासाठी रिकामा कंस कधीच वापरू नये.

दुसरी गंमत लांबीची. जर्मनमधलं एस्झेट (ß) हे अक्षर कॅपिटल केलं की दोन एस होतात. रस्ता या अर्थाचा श्ट्रासं हा शब्द स्मॉलमध्ये ६ अक्षरांचा, कॅपिटलमध्ये ७, म्हणजे आधी काढून ठेवलेले इंडेक्स, म्हणजे अक्षरांच्या जागांचे नंबर, चुकतात, आणि परत स्मॉल केलं तरी एस्झेट येत नाही, दोन एसच राहतात. एकेका अक्षरावर काम करणाऱ्या कॅरेक्टर क्लासमधली त्याच नावाची मेथड मात्र एकच कॅरेक्टर परत देऊ शकते म्हणून एस्झेटला हातच लावत नाही. स्मॉल-कॅपिटलचा फरक सोडून तुलना करणारी इक्वल्सइग्नोअरकेस तर आधी लांबीच बघते, त्यामुळे तिच्या लेखी ही दोन्ही रूपं वेगळीच. कॅपिटल एस्झेट युनिकोडमध्ये २००८ ला आलं, जर्मन शुद्धलेखनात २०१७ ला मान्य झालं, तरी टूअपरकेस अजून दोन एसच देते कारण युनिकोडचा मूळ नियम तसाच ठेवलाय.

ग्रीकमध्ये सिग्माची स्मॉल रूपं दोन, त्यातलं एक फक्त शब्दाच्या शेवटी येतं, कॅपिटल मात्र एकच. स्मॉल करणारी टूलोअरकेस शब्दातली जागा बघून योग्य रूप निवडते.

देवनागरीत स्मॉल-कॅपिटल नाहीच, त्यामुळे मराठी स्ट्रिंग जशीच्या तशी परत येते. पण स्ट्रिंग अपरकेस आहे का हे तपासायला कोणी टूअपरकेसच्या रिझल्टशी तुलना केली तर मराठी मजकुराला हो असं उत्तर मिळतं, आणि कॅरेक्टर क्लासची इजअपरकेस वापरून एकेक अक्षर तपासलं तर नाही. पहिलं अक्षर कॅपिटल हवंच असा नियम इजअपरकेसने लावलेल्या फॉर्ममध्ये म्हणूनच देवनागरीतलं नाव टाकता येत नाही.